मत्स्यपेटींतील गोगलगाई : त्यांची ओळख व व्यवस्था

'गोगलगाय आणि पोटांत पाय' ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणापासून ऐकलेली आहे. वरून गरीब दिसणाऱ्या, परंतु आंतून पक्क्या असणाऱ्या मनुष्याविषयीं आपण ती योजतों. व्यवहारांत ती उपहासाची म्हण असली तरी प्राणिशास्त्रांत ती अक्षरशः खरी आहे. गोगलगाईचा पाय म्हणजे तिच्या पोटाखालचा रुंद व मांसल तळवा होय; म्हणूनच शास्त्रज्ञांनीं या वर्गास 'उदरपाद' असें नांव दिलें आहे. या पोटांतल्या पायानें ती केव्हां व कोठून चालत आली हें घरांतल्या कोणासच कळत नाहीं, आणि एके दिवशीं सकाळीं मत्स्यपेटीच्या कांचेवर ती आपलें दर्शन देते.

हल्लीं पुष्कळ घरांतून कांचेच्या पेटींत रंगीत मासे पाळण्याची हौस दिसून येते. मुलें मासे आणतात, वडील पेटी आणतात, आणि शोभेसाठीं दुकानांतून दोनचार हिरवीं रोपें आणलीं जातात. महिनाभरांत कांचेवर मोहरीएवढे ठिपके सरकूं लागतात आणि दुसऱ्या महिन्यांत ते मोजतां येणें कठीण होतें. मग घरांत दोन पक्ष पडतात. "या घाणींतून आपोआप झाल्या, औषध टाकून मारून टाका," असें एक पक्ष म्हणतो. "राहूं द्या बिचाऱ्या," असें दुसरा म्हणतो. या दोन्ही पक्षांनीं निर्णय देण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधलीं पाहिजेत. या गोगलगाई आल्या कोठून? त्या कोणत्या जातीच्या आहेत? आणि त्यांची संख्या कां वाढली? या लेखांत त्याच क्रमानें विचार करूं.

या आल्या कोठून?

कोणताहि सजीव प्राणी घाणींतून आपोआप उत्पन्न होत नाहीं. सडक्या मांसांतून अळ्या आपोआप होतात अशी समजूत एके काळीं विद्वानांचीहि होती. इटलींतील फ्रान्सेस्को रेदी यानें १६६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं भांडीं जाळीदार कापडानें झांकलीं व कांहीं उघडीं ठेविलीं. उघड्या भांड्यांतील मांसांत अळ्या झाल्या. झांकलेल्या भांड्यांतील मांस मात्र सडलें, परंतु माशा त्यावर बसूं न शकल्यामुळें त्यांत अळ्या झाल्या नाहींत. हाच न्याय गोगलगाईंस लागू आहे. मत्स्यपेटी कितीहि मळली तरी बाहेरून अंडें किंवा पिलूं आल्याशिवाय तींत एकहि गोगलगाय जन्मास येणार नाहीं.

तीं अंडीं बहुधा रोपांवरून येतात. पानाच्या मागील बाजूस किंवा देंठाच्या बेचक्यांत पारदर्शक चिकट पदार्थाचा एक लहान थेंब असतो. त्यांत साबुदाण्याच्या खिरींतील दाण्यांप्रमाणें, परंतु त्यांहून पुष्कळच बारीक अशीं अंडीं दिसतात. दुकानदाराच्या हौदांत हजारों रोपें एकत्र असतात, आणि हा थेंब पानाच्याच रंगाचा भासत असल्यामुळें सहज नजरेंतून सुटतो. माशांबरोबर पिशवींत आलेलें पाणी, दुसऱ्याच्या पेटींतून आणलेली वाळू, ओली जाळी किंवा तळ्यांतून आणलेलें शेवाळ यांतूनहि त्या येतात. उबदार पाण्यांत साधारण एका आठवड्यापासून दोन आठवड्यांत अंड्यांतून पिलें बाहेर पडतात. रोपें आणल्याचा दिवस व गोगलगाय प्रथम दिसल्याचा दिवस यांत पुष्कळ अंतर पडतें तें यामुळेंच.

मत्स्यपेटीच्या इतिहासांत गोगलगाईचें स्थान

ज्या गोगलगाईस आपण अनाहूत म्हणतों, तिला आरंभीं मुद्दाम आमंत्रण देण्यांत आलें होतें, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ सालीं एक प्रयोग आरंभिला. सुमारें १२ गॅलन, म्हणजे अदमासें ५४ लिटर पाणी मावेल अशा कांचेच्या भांड्यांत त्यानें दोन सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची, लांब फितीसारख्या पानांची एक पाणवनस्पति लाविली. प्राणी श्वासाबरोबर जो वायु बाहेर टाकतात तो वनस्पति उजेडांत घेतात, आणि वनस्पति जो प्राणवायु सोडतात तो प्राण्यांस मिळतो. हा देवघेवीचा हिशेब लहानशा भांड्यांत जुळतो कीं नाहीं, हें त्याला पाहावयाचें होतें.

कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. पुढें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें आणि कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. प्रयोग फसतो कीं काय अशी वेळ आली असतां वॉरिंग्टननें तळ्यांतील कांहीं गोगलगाई भांड्यांत सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें व कांचेवरील थर खाऊन टाकला, पाणी पुन्हां स्वच्छ झालें, आणि त्यांनीं घातलेलीं अंडीं माशांस खाद्य म्हणून उपयोगी पडलीं. मार्च १८५० मध्यें त्यानें हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें मांडला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय असा हा तिघांचा संसार होता. तिसरी आल्यावरच पहिल्या दोघांचा संसार सुरळीत चालूं लागला.

यावरून एक सिद्धांत निघतो आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. गोगलगाय घाण करीत नाहीं, घाण असेल तेथें ती वाढते. तिची संख्या म्हणजे पेटींत शिल्लक राहिलेल्या अन्नाचा हिशेब होय. पैसे नाहींसे झाले म्हणून हिशेबाची वही फाडली तर तूट भरून निघत नाहीं. त्याचप्रमाणें केवळ गोगलगाई मारल्यानें पेटीचा दोष जात नाहीं.

ओळख कशी पटवावी?

उपाय करण्यापूर्वीं जात ओळखावी. त्यासाठीं चार गोष्टी पाहाव्या: शंखाचा आकार, शंखाचें तोंड उजवीकडे कीं डावीकडे, डोक्यावरील शिंगें बारीक कीं रुंद, आणि तोंडावर झांकण आहे कीं नाहीं. एक साधें भिंग पुरेसें आहे. शंख पाहतांना त्याचें टोंक वर व तोंड आपल्याकडे धरावें, ही शास्त्राची रीत आहे. आपल्याकडे 'दक्षिणावर्त' म्हणून दुर्मिळ मानिला जाणारा शंख या रीतीनें पाहिला असतां डावा ठरतो. म्हणून शंख कसा धरला आहे हें सांगितल्याशिवाय उजवा-डावा म्हणण्यांत अर्थ नाहीं.

(१) डाव्या शंखाची गोगलगाय. पेटींत सर्वांत अधिक आढळते ती हीच. शंख पातळ, चकचकीत, अंडाकृति व बहुधा एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. तोंड डावीकडे, शिंगें दोऱ्यासारखीं बारीक, आणि झांकण नाहीं. शास्त्रांत हिला फायसेला अक्यूटा म्हणतात. हिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८०५ सालीं फ्रान्समधील नमुन्यांवरून झालें. परंतु हिचें मूळ घर उत्तर अमेरिका आहे असें आतां समजतें. जलवनस्पतींच्या व्यापाराबरोबर ती जगभर पसरली. ही फुफ्फुसानें श्वास घेत असल्यामुळें पाण्याच्या पृष्ठभागावर वारंवार येते. तेवढ्यावरून पाणी बिघडलें असें समजूं नये. सशक्त रोपांस ती सहसा इजा करीत नाहीं.

(२) चक्री गोगलगाय. हिचा शंख उंच नसून जिलबीसारखा एका पातळींत गुंडाळलेला असतो. हिच्या रक्तांत मनुष्याच्या रक्ताप्रमाणेंच हिमोग्लोबिन हें तांबडें द्रव्य असतें. म्हणून ज्या वाणांत काळा रंग नसतो ते तांबूस दिसतात व दुकानांत शोभेसाठीं विकलेहि जातात. आपल्या तळ्यांत व ओढ्यांत राहणारी तपकिरी रंगाची चक्री गोगलगाय इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या नांवाची आहे. तिच्याविषयीं शेतकरी पालकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. गुरांच्या नाकांत गांठी येऊन श्वास घेतांना घोरल्यासारखा आवाज येतो, अशा एका रोगाच्या कृमीचें वर्णन एम्. ए. एन्. राव या शास्त्रज्ञानें १९३३ सालीं केलें. त्या कृमीची बाल्यावस्था या गोगलगाईच्या शरीरांत पार पडते. तेथून बाहेर पडलेलीं सूक्ष्म पिलें पाण्यांत उतरलेल्या गुरांच्या कातडींतून आंत शिरतात. असल्या पाण्यांत मनुष्य उतरला तर त्याच्या अंगासहि खाज सुटते.

(३) रुंद शिंगांची तळ्यांतील गोगलगाय. ही लिम्निया कुळांतील होय. तोंड उजवीकडे असून मोठें व पसरट असतें. शिंगें मात्र दोऱ्यासारखीं नसून चपटीं व त्रिकोणी असतात; ही तिची पक्की खूण आहे. ही मऊ पानें खाते, म्हणून रोपांना भोंकें पडूं लागल्यास हिचा संशय घ्यावा. गुरांच्या व मेंढ्यांच्या यकृतांत होणाऱ्या चपट्या कृमीचें बाल्य या कुळांतील गोगलगाईंत जातें. हा जीवनक्रम इंग्लंडांत थॉमस व जर्मनींत लॉयकार्ट या दोघांनीं १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत स्वतंत्रपणें शोधून काढला.

(४) मळसूत्री गोगलगाय. शंख लांबट, टोंकदार, स्क्रूसारखा, लांबी दोन ते तीन सेंटिमीटर, तोंडावर झांकण. शास्त्रीय नांव मेलानॉइडीस ट्युबरक्युलाटा. हिचें पहिलें वर्णन १७७४ सालीं म्यूलर यानें आपल्या देशाच्या कोरोमांडल किनाऱ्यावरील नमुन्यांवरून केलें. म्हणजे ही परदेशची पाहुणी नसून आपल्याच घरची आहे. दिवसा ती वाळूंत दडून बसते व रात्रीं बाहेर येते. दिवा मालवल्यावर तासाभरानें विजेरीच्या उजेडांत पाहिलें म्हणजे तिची खरी संख्या कळते. ती अंडीं घालीत नाहीं. पिलें आईच्या शरीरांतच वाढून तयार शंखासह बाहेर पडतात. नराचा संबंध न येतांहि मादीस पिलें होतात. वाळू खालींवर करण्याचें उपयुक्त काम ती करते. ही कल्ल्यांनीं श्वास घेते. म्हणून भर दिवसा या गोगलगाई एकदम वाळूंतून निघून कांचेवर पाण्याच्या पृष्ठभागाकडे चढूं लागल्यास पाण्यांतील प्राणवायु कमी झाला आहे असें समजून लागलीच कांहीं पाणी बदलावें.

(५) टोपीची गोगलगाय. ही तीनचार मिलिमीटरची असून शंखास वेढे नसतात. कांचेवर एखादी बारीक टोपी पालथी घातल्यासारखी ती दिसते. फेरिसिया नांवाच्या या प्रकाराकडे कोणी लक्षहि देत नाहीं. तथापि १९५२ सालीं गाडगीळ व शहा यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी या गांवीं मनुष्यांत होणाऱ्या शिस्टोसोमा कृमीच्या रोगाची नोंद केली, तेव्हां त्याचा वाहक म्हणून याच प्रकारच्या चिमुकल्या गोगलगाईकडे बोट दाखविण्यांत आलें. लहान म्हणून क्षुद्र मानूं नये, याचा यापेक्षां चांगला दाखला कोणता?

(६) मोठी गोगलगाय. आपल्या तळ्यांतील व भातखाचरांतील पायला ग्लोबोसा ही लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी होते. हिला कल्ला व फुफ्फुस दोन्ही असल्यामुळें ही पाण्यांत व हवेंत दोन्हीकडे श्वास घेते. उन्हाळ्यांत तळें आटलें म्हणजे झांकण लावून चिखलांत निजून राहते. अंडीं पाण्याबाहेर ओलसर मातींत घालते. ही न कळत येण्याइतकी लहान नसते. कोणी मुद्दाम आणल्याशिवाय ती पेटींत सांपडावयाची नाहीं.

रोगांचीं नांवें वाचून कोणी घाबरून जाऊं नये. या कृमींस आपलें आयुष्य पुरें करण्यास गोगलगाय व मोठा प्राणी असे दोन्ही आश्रय लागतात. बंद पेटींत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या गोगलगाईंत हा क्रम तुटलेला असतो. धोका आहे तो गुरें उतरतात अशा तळ्यांतून किंवा ओढ्यांतून गोगलगाई व शेवाळ घरीं आणण्यांत. तसें करूं नये. आणि पेटींत हात घातल्यावर तो साबणानें धुवावा, हा नियम सर्वच पेट्यांस लागू समजावा.

संख्या कां वाढते?

वरील पहिल्या तीन प्रकारच्या गोगलगाईंत नर व मादी असे भेद नसतात. प्रत्येकींत दोन्ही इंद्रियें असतात, आणि एकटी पडलेली गोगलगाय स्वतःच्या बळावरहि फलद्रूप अंडीं घालूं शकते. मळसूत्री गोगलगाईस तर नराची गरजच नाहीं. म्हणून "एकच राहिली आहे, ती काय करणार?" हा विचार चुकीचा आहे.

विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण सोडवून पाहावें. समजा, एका गोगलगाईचीं दर दोन महिन्यांनीं १० पिलें जगून मोठीं होतात, आणि जुनी पिढी मरून जाते. तर दोन महिन्यांनीं १०, चार महिन्यांनीं १००, सहा महिन्यांनीं १,००० आणि वर्षअखेर १०,००,००० गोगलगाई झाल्या पाहिजेत. प्रत्यक्षांत कोणाच्याहि पेटींत दहा लक्ष गोगलगाई होत नाहींत. कां होत नाहींत? कारण अन्न तेवढें नसतें. अर्थात् संख्येवर खरा ताबा आहे तो अन्नाचा. पेटींत कांचेवरचें शेवाळ व गळालेलीं पानें एवढेंच अन्न असेल तर थोड्या गोगलगाई राहतील. घरांतील चार माणसांनीं "मासे उपाशी दिसतात" म्हणून चार वेळां चिमूटभर खाद्य टाकलें तर माशांनीं सोडलेलें सारें तळाशीं जाईल, आणि तितक्या अधिक गोगलगाई त्यावर पोसल्या जातील.

तळाचें हें अन्न गोगलगाईंनीं न खाल्लें तर तें कुजेल व त्यापासून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यांत मिसळेल. त्यानें मासे मरतात. सांगावयाचें एवढेंच कीं वाढलेल्या गोगलगाई हा स्वतः रोग नसून रोगाची वेळीं मिळालेली सूचना आहे.

काय करावें?

पहिला व मुख्य उपाय म्हणजे खाद्य कमी करणें. मोठ्या माशांस दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत सर्व संपेल इतकेंच द्यावें. आठवड्यांतून एक दिवस उपास पडला तरी पूर्ण वाढलेल्या निरोगी माशांस अपाय होत नाहीं. खाद्य देण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. उरलेलें अन्न व कुजकीं पानें काढावीं, आणि नळीनें तळाची घाण ओढून आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, तो घालवूनच नवें पाणी आंत घ्यावें.

दुसरा उपाय आमिषाचा. रात्रीं काकडीची एक चकती किंवा वाफविलेलें पालकाचें पान दोऱ्यास बांधून तळाशीं सोडावें. सकाळीं त्यावर गोगलगाई गोळा झालेल्या असतात. दोरा ओढून सर्व एकदम बाहेर काढाव्या. असें दोनतीन आठवडे रोज करावें. कांचेवर व पानांवर अंड्यांचे थेंब दिसतील ते नखानें खरवडून काढावे.

तिसरा उपाय प्रतिबंधाचा. नवें रोप आणल्यावर तें थेट पेटींत न लावतां निराळ्या बादलींत उजेडाच्या जागीं तीनचार आठवडे ठेवावें. लपलेलीं अंडीं या मुदतींत फुटतात व पिलें दिसूं लागतात. तीं दिसतांच वेंचून काढावीं. तुरटीच्या पाण्यांत किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यांत रोपें बुडविण्याची चाल आहे. परंतु चिकट पदार्थाच्या आवरणामुळें अंडीं त्यांतून वांचूं शकतात, म्हणून बादलींतील मुदत चुकवूं नये.

गोगलगाई खाणारे मासे आणावे काय, असा प्रश्न नेहमीं विचारला जातो. असे मासे आहेत खरे. आपल्या सह्याद्रींतून निघून कृष्णेस मिळणाऱ्या नद्यांत बोटिया स्ट्रायाटा नांवाचा अंगावर बारीक पट्टे असलेला एक सुंदर मासा राहतो व तो गोगलगाई आवडीनें खातो. परंतु त्याची जात आज संकटग्रस्त म्हणून गणली गेली आहे, आणि तो आपल्या जातीच्या थव्यांत राहणारा आहे. चार आठवडे खाद्य कमी करून जें काम होतें, त्यासाठीं नदीचें धन लहान पेटींत कोंडणें योग्य नव्हे. शिवाय गोगलगाई संपल्यावर तो मासा काय खाणार, याचाहि विचार आणणाऱ्यानेंच करावयास हवा.

काय करूं नये?

मोरचूद किंवा तांबें असलेलें औषध पाण्यांत टाकूं नये. त्यानें गोगलगाई मरतात हें खरें. परंतु झिंगे मरतात, पुष्कळ जातींच्या माशांस व रोपांस इजा होते, आणि तें तांबें वाळूंत साचून पुढेंहि त्रास देतें. त्याहून मोठा अनर्थ नंतर होतो. शेंकडों गोगलगाई वाळूंत व दगडांखालीं एकाच वेळीं मरून कुजतात, अमोनिया एकदम वाढतो, पाण्याला दुर्गंधि येते व मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें उघडूं लागतात. एका रात्रींत गोगलगाई मारण्याच्या उतावळेपणाची किंमत माशांस भरावी लागते.

मिठाचा मारा करूं नये. तसेंच साबणानें पेटी धुऊं नये. सर्व वाळू उकळून पेटी नव्यानें मांडण्याची घाईहि करूं नये. कारण पाणी शुद्ध करणारे उपयुक्त सूक्ष्म जंतु त्याच वाळूंत वस्ती करून असतात, आणि पेटी नवी केली तरी हात जुनाच राहिला तर गोगलगाई पुन्हां येतील.

काढलेल्या गोगलगाई कोठें टाकाव्या?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथें आपल्या घराचा संबंध गांवाशीं येतो. काढलेल्या गोगलगाई, उपटलेलीं रोपें किंवा पेटींतील पाणी ओढ्यांत, विहिरींत, तळ्यांत अथवा गटारांत कधींहि टाकूं नये. दया म्हणून सोडलेला एक जीव सबंध प्रदेशास जड जातो, अशीं उदाहरणें इतिहासांत आहेत. आफ्रिकेची मोठी भूचर गोगलगाय १८४७ सालीं बेन्सन नांवाच्या एका शंखशास्त्राच्या अभ्यासकानें मॉरिशसहून कलकत्त्यास आणिली. तेथील एका बागेंत सोडलेल्या त्या गोगलगाईंची संतति पुढें देशभर पसरून पिकांची शत्रु झाली. दक्षिण अमेरिकेंतील पोमेशिया नांवाची मोठी पाणगोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठीं तैवानमध्यें आणली गेली. धंदा चालला नाहीं, गोगलगाई मोकळ्या सुटल्या, आणि थोड्याच वर्षांत आग्नेय आशियांतील भाताचीं कोवळीं रोपें त्यांच्या भक्ष्यस्थानीं पडूं लागलीं. आपल्या मराठवाड्यांतील लातूर, बीड या जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांस २०२२ सालीं गोगलगाईंनीं सोयाबीनचीं कोवळीं रोपें खाऊन टाकल्यामुळें दुबार पेरणीचा विचार करावा लागला. शेतांत शिरलेली गोगलगाय काढणें किती कठीण हें त्या घरांतील मुलांस कोणीं सांगावयास नको.

म्हणून काढलेल्या गोगलगाईंवर कढत पाणी ओतावें, म्हणजे त्या तत्काळ मरतात; नंतर कोरड्या जागीं खड्डा करून पुराव्या. घरांतच वाढलेल्या लहान गोगलगाई चिरडून टाकल्यास मासेहि त्या आवडीनें खातात. बदललेलें पाणी फडक्यांतून गाळून झाडांस घालावें; खत म्हणून तें उत्तम असतें.

विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग

ज्यांच्या घरीं मत्स्यपेटी आहे त्यांनीं आठ आठवड्यांचा एक प्रयोग करून पाहावा. दर रविवारीं रात्रीं, दिवा मालवल्यावर बरोबर एक तासानें, विजेरी घेऊन पुढच्या एकाच कांचेवरील गोगलगाई मोजाव्या. वहींत चार रकाने आखावे: तारीख, जात, संख्या, आणि त्या आठवड्यांत दिलेलें खाद्य चिमटींच्या हिशेबानें. पहिले चार आठवडे नेहमींप्रमाणें खाद्य द्यावें. पुढील चार आठवडे निम्में. या मुदतींत एकहि गोगलगाय बाहेर काढूं नये, नाहीं तर फळ कशाचें तें कळणार नाहीं. शेवटीं चौकटीच्या कागदावर संख्येचा आलेख काढावा. संख्या लागलीच उतरली नाहीं तर निराश होऊं नये. पूर्वीं घातलेलीं अंडीं कांहीं दिवस फुटतच राहतात. जोडीला शंखांचीहि पाहणी करावी. शंखांवर पांढरे चट्टे पडून ते झिजलेले दिसले तर पाण्यांत चुन्याचा अंश कमी आहे, असें अनुमान काढतां येतें.

आई-वडिलांस विनंति एवढीच कीं त्यांनीं हें काम मुलांच्या हातून काढून घेऊं नये. औषधाची बाटली आणून देणें सोपें असतें. आठ आठवडे मुलानें वही लिहिली कीं नाहीं हें पाहणें अवघड असतें. परंतु बाटलींतून मुलास फक्त मारणें शिकतां येतें. वहींतून कार्य पाहून कारण शोधण्याची संवय लागते, आणि ती संवय पुढें शेतांत, दवाखान्यांत व संसारांतहि उपयोगी पडते.

मत्स्यपेटींत दहावीस गोगलगाई असाव्या, त्यांस राहूं द्यावें. त्या दोनशें झाल्या तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं खाद्याचा डबा किती दिवसांत संपला तें आधीं पाहावें.